तिसरी गोळी

४ ऑगस्ट, रविवार

पतपेढीने जानेवारीत दिलेली ही डायरी कपाटात कोरीच पडली होती. आज श्रुतिकाने कपाट आवरताना ती माझ्या हातात ठेवली. म्हणाली, "आई, तुम्ही लिहा. नात मोठी झाली की वाचेल." नातच येणार हे हिला कुणी सांगितलं देव जाणे. पण सुनेने प्रेमाने दिलंय, म्हणून लिहायला बसले.

हिला पाचवा महिना लागलाय आणि दमणं म्हणून माहीत नाही. आठवड्याभरात स्वयंपाकघरातले सगळे डबे उतरवून घासले, देवघराची भिंत स्वतः रंगवली, पिवळीजर्द. मी दूध तापवायला उठते तोवर ही आंघोळ करून तयार. मुलुंडला आर्किटेक्टकडे नकाशे काढायची नोकरी, तिथून आली की परत पदर खोचून उभी. बिचारीला आई नाही, चार वर्षांपूर्वी गेली. वडील जोगेश्वरीला एकटेच. त्यामुळे बाळंतपण इथे घाटकोपरलाच, म्हणजे माझ्याच हातून व्हायचं. सासूने केलं म्हणून काही कमी पडलं, असं कुणाला बोलू देणार नाही मी.

आमच्या ह्यांना म्हटलं, भाऊराव, पोर लक्ष्मी आहे बघा. पेपरातून मान वर न करता म्हणाले, "वायच जास्तच धावता गो ती." ह्यांना कुणाचं कौतुक म्हणून करायला नको.

९ ऑगस्ट, शुक्रवार

वाट लागली. काल श्रुतिका ऑफिसला न जाता साकीनाक्याला माझ्या लेकाच्या, केयूरच्या कारखान्यात गेली. तिथे लेबलं छापतात, केयूर सुपरवायझर आहे. सगळ्या कामगारांसमोर हिने मालकाला सांगितलं, तुम्हाला धंदा कळत नाही, उद्यापासून मी बघते. मालक आधी हसला. मग ही तेवढं पोट घेऊन खुर्चीवर चढली. केयूरने तिला कसंबसं रिक्षात बसवून घरी आणलं. घरी आल्यावरही तोंड बंद नाही, एका वाक्यात दुसरं, दुसऱ्यात तिसरं. मला मिठी मारून रडली आणि लगेच हसली.

आज केयूर मला गॅलरीत घेऊन गेला. श्रुतिकाला कॉलेजपासून बायपोलर नावाचा आजार आहे म्हणाला. मन कधी फार वर जातं, कधी फार खाली. सात वर्षं ती लिथियमच्या गोळ्या घेतेय आणि त्यात एकदाही काही झालेलं नाही.

"म्हणजे लग्नाआधीपासून?"

"हो. तिने मला दुसऱ्याच भेटीत सांगितलं होतं."

"आणि आम्हाला?"

"तुला सांगितलं असतं तर लग्न होऊ दिलं असतंस तू?"

होऊ दिलं नसतं हे मलाही ठाऊक होतं, म्हणून मी जास्तच चिडले. फसवलं मला, असंच वाटलं. ज्याला मी लक्ष्मी म्हणत होते तो आजार होता. ती पिवळी भिंत आता बघवत नाही.

एक मात्र कळत नाही. केयूर शपथेवर सांगतो की तिने एकही गोळी चुकवलेली नाही. मग हे झालं कसं?

१३ ऑगस्ट, मंगळवार

श्रुतिकाच्या मनाच्या डॉक्टर, चेंबूरच्या शर्मिष्ठा मॅडम, त्यांच्याकडे मीही गेले. केयूर नको म्हणत होता. म्हटलं, माझ्या घरात काय चाललंय ते मला कळलंच पाहिजे.

बाई साध्या आहेत, बोलणं स्पष्ट. रक्त तपासलं तर औषध रक्तात निम्म्यावर आलेलं. गोळ्या तितक्याच, मग औषध गेलं कुठे? तर म्हणे बाई गरोदर असली की शरीरात पाणी वाढतं.

मी म्हटलं, "म्हणजे वरणात पाणी वाढलं की मीठ कमी पडतं, तसं?"

त्या हसल्या. "अर्धं बरोबर आहे, आई. शिवाय पातेल्याला खालून नळ लागलाय. गरोदरपणी किडन्या जास्त जोरात काम करतात आणि हे औषध धुऊन काढतात. म्हणून रक्त बघत बघत मीठ वाढवायचं. बाळंतपण झालं की नळ बंद होतो. मग तेवढंच मीठ खारट."

मीठ वाढवायचं, हे मला पटलं. रोजच्या दोन गोळ्या होत्या, त्या तीन केल्या. झोपेसाठी आणखी एक दिली काही दिवस. जेवणात मीठ नेहमीइतकं, पाणी भरपूर, असंही सांगितलं.

घरी आल्यावर मी गोळ्यांचा डबा मागून घेतला. श्रुतिकाचे डोळे झोपेने जड झालेले, तरी म्हणाली, "आई, सात वर्षं मी स्वतः घेतेय. चुकवल्या नाहीत हो मी." म्हटलं, बघितलं ना काय झालं ते. तिने डबा दिला. चुकवल्या नव्हत्या हे खरं, पण डबा माझ्याकडे असलेला बरा.

७ सप्टेंबर, शनिवार

गणपतीला गावी गेलो नाही, जन्मात पहिल्यांदा. कुडाळहून दिरांचा फोन आला, काय सांगायचं? ब्लड प्रेशर म्हटलं.

श्रुतिका पूर्वीसारखी झाली आहे. रक्तात औषध पुरेसं आहे. फार गप्प असते, शरमते. आज मोदक वळताना म्हणाली, "ती भिंत पांढरी करून घेऊ या का?" मी म्हटलं, राहू दे, देवाला चालतेय. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही वाईट वाटलं तिचं. माझा राग कधी गेला कळलंच नाही, पण भीती काही जात नाही. ती हसली की मी हातातलं काम थांबवून बघते, किती हसतेय ती.

२७ ऑक्टोबर, रविवार

डोहाळजेवण घरच्या घरी झालं. माझी नणंद बोलून गेली, "आई नसली की सासूवर भार पडतो." श्रुतिका फटकन म्हणाली, "भार वाटत असेल तर आई मला सांगतील, तुम्ही नका सांगू." मला मनातून बरंच वाटलं खरं तर. तरी लोक गेल्यावर केयूरला विचारलं, गोळी पुरते आहे ना? तो वैतागला. "आई, आत्याला कुणीही तसंच बोललं असतं यार."

१८ नोव्हेंबर, सोमवार

पुन्हा चेंबूर. आता रक्त दर आठवड्याला. मॅडमनी आम्हा तिघांना बसवून सांगितलं. हा आजार उलटण्याची भीती बाळंतपणानंतरच सगळ्यात जास्त. झोप मोडू द्यायची नाही, म्हणून रात्रीचं बाळ मी आणि केयूरने बघायचं. औषधामुळे अंगावर पाजायचं नाही, पावडरचं दूध. बाळ झालं की त्याच दिवशी फोन करा, गोळी परत दोनवर आणायची. आणखीही बरंच सांगितलं.

मी येताना एकच विचार करत होते. सगळ्यात जास्त भीती तेव्हाच. खुर्चीवर चढलेली सून मी पाहिलेली नाही, पण रोज डोळ्यांसमोर येते. आता तर हातात पोर असेल.

१२ डिसेंबर, गुरुवार

नात झाली! श्रुतिका म्हणाली होती तसंच. सकाळी साडेनवाला, नॉर्मल. गोरी नाही, ह्यांच्यावर गेली आहे, पण नाक माझं. भाऊराव नर्सिंग होमच्या जिन्यात बसून रडले. श्रुतिकाचे बाबा जोगेश्वरीहून पेढे घेऊन आले आणि पेढे रिक्षातच विसरले. आज आनंद आहे.

१३ डिसेंबर, शुक्रवार

केयूरने काल मॅडमना फोन केला. मला म्हणाला, "आई, कालपासूनच दोन गोळ्या द्यायच्या. सोमवारी रक्त. लॅबवाले घरी येतील." मी हो म्हटलं.

दुपारभर विचार केला. दोनवर असतानाच तर ती बिघडली होती. तीन झाल्या तेव्हा बरी झाली, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. आणि धोका बाळंतपणानंतर सगळ्यात जास्त, हेही त्या बाईंनीच सांगितलंय. मग नेमकी आत्ताच गोळी कमी करायची? डॉक्टर चेंबूरला बसतात, पोर माझ्या घरात आहे. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं. बारशापर्यंत तरी तीनच देईन. एका गोळीने काय होतंय? कमी पडण्यापेक्षा जास्त बरी.

आज तीन दिल्या. श्रुतिकाने तळहात बघितला. "आई, आता दोन ना?" म्हटलं, मला कळतं, घे. तिने घेतल्या.

१५ डिसेंबर, रविवार

घरी आलो. आतली खोली बाळंतिणीची. खिडक्या बंद, खाटेखाली शेगडी, ओव्याची धुरी. रोज मालिशवाली मावशी येणार. जेवण माझ्या आईने मला दिलं तसंच: मऊ भात, तूप, लसणाची फोडणी, मीठ नावाला. मीठ खाल्लं की अंगावर सूज राहते. पाणी उकळलेलं, वाटीने, जेवणानंतर. फार पाणी पाजलं की बाळंतिणीचं पोट सुटतं ते कायमचं. मॅडमनी मीठ-पाणी सांगितलं होतं ते गरोदरपणाचं. बाळंतपणाचं त्यांना काय ठाऊक, त्या मनाच्या डॉक्टर.

पावडरचं दूध कालवताना मात्र जीव तुटतो. आई असून पोर बाटलीवर. पण नातीने बाटली अशी काही ओढली की हसू आलं.

१६ डिसेंबर, सोमवार

लॅबवाल्यांचा फोन आला. सांगितलं, सुवेर आहे घरात, बारसं झाल्यावर या. केयूरने विचारलं तेव्हा म्हटलं, होईल ते. त्याचं लक्ष कुठे, रात्री बाळ घेऊन बसतो, दिवसा कारखान्यात पेंगतो.

श्रुतिकाचा हात थरथरतो. वाटीतलं खिमट सांडलं. अशक्तपणा आहे. उद्यापासून डिंकाचा लाडू.

१८ डिसेंबर, बुधवार

सारखी तहान तहान करते. "आई, एक तांब्या द्या ना. घसा सुकलाय हो." म्हटलं, मलाही लागली होती केयूरच्या वेळी, सगळ्यांनाच लागते, जरा सोसावं. शेगडीने घाम फार येतो तिला, म्हणजे शेक चांगला लागतोय.

दुपारी भाऊरावांना खोलीतून रिकामा तांब्या घेऊन येताना पकडलं. "तिका तान लागलीहा, पानी दी गो," मलाच सांगतात! पुरुषांनी बाळंतिणीच्या खोलीत जायचं कशाला? चांगलं सुनावलं. तांब्या आता माझ्या ओट्यावर.

१९ डिसेंबर, गुरुवार

पोट बिघडलं तिचं. चार-पाचदा गेली. ह्यांच्या पाण्यानेच. आज पाणी आणखी कमी केलं.

उलटीही झाली. गोळ्या पडल्या असतील म्हणून परत दिल्या.

२० डिसेंबर, शुक्रवार

दिवसभर झोपून आहे. मला एका परीने बरंच वाटलं, झोप महत्त्वाची असं मॅडमच म्हणाल्या होत्या. ऑगस्टमध्ये ही मिनिटभर टेकत नव्हती. म्हणजे आजार काही उलटलेला नाही. तिसरी गोळी चालू ठेवली ते उत्तम केलं.

बाळाला तिच्याजवळ ठेवलं तर हात लावला नाही, नुसती बघत राहिली. काहीतरी बोलली ते कळलं नाही, जीभ जड झाल्यासारखी. परत विचारलं तर म्हणाली, "दोन... दोन." मी म्हटलं, हो गं बाई, दोन नाही, एकच झालीय, दुसरी पुढच्या खेपेला. थट्टा केली पण ती हसली नाही.

२१ डिसेंबर, शनिवार

बाथरूमला जाताना झोकांड्या जात होत्या, मावशीने धरलं. मावशी म्हणते बाळंतवात. तिच्या म्हणण्याने अंगाला जास्त शेक दिला. परवा बारसं आहे, वीसेक माणसं येतील. तोवर उभी राहिली पाहिजे. मला आता भीती वाटायला लागली आहे. कशाची ते कळत नाही. सगळं तर बरोबर करतेय.

केयूर म्हणाला, मॅडमना फोन करू का? म्हटलं, तिला काय बडबड सुटलीय का, की खुर्चीवर चढलीय? बाळंतिणीचं दुखणं आहे हे, मनाचं नाही. सोमवारी बारसं होऊ दे, मग करू.

२३ डिसेंबर, सोमवार

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितेय. डायरी पिशवीत कशी आली माहीत नाही.

काल दुपारी जेवण घेऊन खोलीत गेले. श्रुतिका डोळे उघडे ठेवून पडली होती आणि सगळं अंग झटके देत होतं. मला बघून म्हणाली, "आई, तू कधी आलीस?" मला ती तू म्हणत नाही. तिच्या आईशी बोलत होती, गेलेल्या. मी किंचाळले. केयूरने तिला उचलून खाली नेलं, भाऊरावांनी रिक्षा अडवली. बाळ शेजारणीकडे टाकलं.

मुलुंडच्या ह्या मोठ्या हॉस्पिटलात तरुण डॉक्टर होते. त्यांनी विचारलं, काय औषध चालू आहे? केयूर म्हणाला, लिथियम. किती? केयूर म्हणाला, "तीन होत्या, बाळंतपणानंतर दोन. डोस कमी केलाय." डॉक्टरांनी लिहून घेतलं आणि म्हणाले, "मग औषधाचा त्रास नसावा. बाळंतपणातलं इन्फेक्शन असेल, मेंदूत गाठही असू शकते. आधी स्कॅन करू." आणि स्ट्रेचर वळवायला सांगितलं.

मी तिथेच उभी होते. गप्प बसले असते तर कुणाला कधी कळलंच नसतं. हे मी खरं लिहितेय, क्षणभर गप्प बसलेही. मग म्हटलं, "तीन."

केयूर म्हणाला, "काय?"

"तीनच देत होते. रोज. उलटी झाली त्या दिवशी परत दिल्या. रक्त तपासायला मीच नाही म्हटलं. आणि पाणी कमी देत होते, मीठ जवळजवळ बंद होतं. शेगडी होती."

डॉक्टरांनी स्ट्रेचर थांबवलं. मग धावले. लगेच सलाईन, लगेच रक्त. औषध हवं त्याच्या तिप्पट निघालं. आज सकाळी डायलिसिस केलं. शर्मिष्ठा मॅडम चेंबूरहून स्वतः आल्या. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आई, लिथियम हेही एक मिठासारखंच. शरीराला मीठ आणि पाणी कमी पडलं की किडनी ह्यालाच धरून ठेवते, सोडत नाही. आणि गोळ्या तर गरोदरपणाच्या मापाच्या." मग म्हणाल्या, "खरं सांगितलंत ते वेळेत सांगितलंत." मला तेही ऐकवेना.

केयूर माझ्याशी बोलत नाही. भाऊराव शेजारी बसले आहेत. आज बारसं होतं. देवा, माझ्या पोरीला वाचव. मी विष घातलं तिला, माझ्या हाताने, ह्याच हाताने.

२५ डिसेंबर, बुधवार

तिने आज मला ओळखलं.

२९ डिसेंबर, रविवार

वॉर्डात आणलंय. बोलते, पण शब्द ओढत. हात थरथरतो. पूर्ण थांबेल की नाही हे आत्ताच सांगता येत नाही म्हणतात. नकाशे काढणारा हात.

दुपारी केयूर घरी बाळाकडे गेला तेव्हा आम्ही दोघीच होतो. मी माफी मागायची म्हणून आले होते, आठवडाभर मनात वाक्यं जुळवली होती. तिने मला बोलूच दिलं नाही.

"आई, मी सांगितलं होतं तुम्हाला. दोन म्हणून सांगितलं. तहान लागलीय म्हणून सांगितलं. मला माहीत होतं, जास्त झालं की हात कापतो, तहान लागते, पोट बिघडतं. सात वर्षं माहीत आहे."

"मग केयूरला का नाही सांगितलंस?"

"आवाज चढवला असता तर तुम्ही काय म्हटलं असतं? परत सुरू झालं हिचं. हेच ना?" तिला धाप लागली. "ऑगस्टपासून मी काहीही बोलले की तुम्ही माझ्याकडे बघता आणि मग डब्याकडे बघता. मग मी बोलायचंच सोडलं. नंतर बोलायचं होतं तर जीभ वळेना."

मी म्हटलं, माझं चुकलं. ती म्हणाली, हो. मग भिंतीकडे तोंड करून झोपली.

घरी येऊन ही डायरी पहिल्यापासून वाचली. सगळं माझ्याच अक्षरात आहे. हात थरथरतो, तहान तहान करते, दोन ना, दोन, दोन. ती काय म्हणाली ते मी रोज नीट लिहून ठेवलं होतं. ऐकलं एकदाही नाही.

४ जानेवारी, शनिवार

जुनं वर्ष संपलं. मागच्या बाजूला पत्ते लिहायची पानं कोरी आहेत, तिथे लिहितेय.

श्रुतिका घरी आली. केयूरने खोलीच्या खिडक्या उघडल्या, शेगडी गॅलरीत ठेवली. गोळ्यांचा डबा मी तिच्या उशाशी नेऊन ठेवला. तिने मोजून बघितलं माझ्यादेखत. बघावंच. बारसं नाही, पण नाव ठेवलं, प्रांजल. मला विचारलं नाही, मीही कुणाला काही बोलले नाही.

केयूर आता कामापुरतं बोलतो. "दूध आण", "दार लाव". लेक आहे माझा, लागतं मनाला. पण त्याचं चुकलं असंही म्हणवत नाही.

१२ जानेवारी, रविवार

सकाळी मी प्रांजलच्या टाळूवर तेल घालत होते. गेले आठ दिवस श्रुतिका माझ्याशी नीट, शांत वागते. आई हे घ्या, आई ते ठेवा. मला वाटलं, झालं, विसरली.

मी सहज म्हटलं, "अगं, हिला जरा काजळाचा ठिपका लावते."

आणि ती भडकली. नको म्हणाली. मी म्हटलं, ठिपक्याने काय होतंय? तेवढं पुरलं. "एका गोळीने काय होतंय, वाटीभर पाण्याने काय होतंय, ठिपक्याने काय होतंय! मी मेले असते, आई! ही पोर आईवाचून राहिली असती, माझ्यासारखी! तुम्हाला सगळं कळतं, मला काहीच कळत नाही, कारण मी वेडी!" एवढा मोठा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. चेहरा लाल, हात थरथरतायत, शब्दावर शब्द. खालच्या मजल्यावर ऐकू गेलं असेल.

लिहायची लाज वाटते, पण पहिला विचार मनात आला तो तोच. दोन गोळ्या कमी पडतायत. सुरू झालं हिचं. केयूर खाली सामान आणायला गेला होता, माझा हात फोनकडे गेला. नंबर लावलासुद्धा.

तिने ते पाहिलं. बोलायची थांबली. म्हणाली, "लावा. सांगा त्याला."

मी फोन कापला. तिच्याकडे नीट बघितलं. ती खुर्चीवर चढली नव्हती. एक गोष्ट सोडून दुसरीकडे पळत नव्हती. जे बोलत होती ते सगळं घडलेलं होतं, एकेक शब्द. ती आजारी नव्हती, ती रागावली होती. ज्या बाईने तिला मरणाच्या दारात नेऊन ठेवलं तिच्यावर ती रागावली होती.

मी पोरीला पाळण्यात ठेवलं आणि तिच्या समोर जमिनीवर बसले. म्हटलं, "बोल."

ती बोलली. बंद खिडक्यांचं बोलली, माझ्या डब्याचं बोलली. मी तिला लक्ष्मी म्हणायचे ते तिने ऐकलं होतं, आणि ऑगस्टनंतर एकदाही म्हटलं नाही हेही तिने मनात ठेवलं होतं. तिच्या आईने ह्या आजारात तिला कसं सांभाळलं ते सांगितलं. "ती मला विचारायची, आज कसं वाटतंय, आणि मी जे सांगेन ते खरं धरायची. एवढंच करायची ती." मध्ये केयूर आला, दारातच उभा राहिला, त्यालाही तिने सोडलं नाही: विश्वास टाकून मोकळा झालास म्हणाली. मला तीन-चारदा तोंड उघडावंसं वाटलं. माझी बाजू होती ना, भीती होती, प्रेमही होतं. उघडलं नाही.

शेवटी तिचा आवाज बसला. प्रांजल जागी झाली होती, तिने तिला उचलून घेतलं. मी उठले. गुडघे धरले होते, केयूरने हात दिला, इतक्या आठवड्यांनी पहिल्यांदा.

मी तिला विचारलं, "आज कसं वाटतंय?"

"राग आलाय," म्हणाली. "फार."

"बरं," म्हटलं मी.

दुपारी ताट वाढलं. ती म्हणाली, भूक नाही. मी आग्रह केला नाही.